टाकीपुरती ऊब

लोक मुलीला भेटायला जाताना लाडू नेतात, चिवडा नेतात. आम्ही सांडपाण्याची टाकी घेऊन गेलो. तीही तापवलेली.

हे फोनवर ऐकून औरंगाबादला माझ्या बहिणीला हसता हसता ठसका लागला. लागू दे. तिची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे दिली आहे. रोज संध्याकाळी रिकामी वाटी घेऊन येते आणि आमटीने भरून घेऊन जाते. असल्या बाईला टाकीचं महत्त्व काय कळणार!

मी द्रौपदी. ब्राउनश्वाइगला एका शिलाईच्या दुकानात काम करते. जर्मन माणसं जाड झाली की त्यांच्या कपड्यांची शिवण उसवून द्यायची आणि बारीक झाली की दाबून द्यायची. दाबायचं काम कमीच येतं. आमचे हे, देवानंद, मोटारींचे हीटर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. कीर्ती आमची एकुलती एक. तिला पाच वर्षांची घेऊन आम्ही या देशात आलो, आणि आता ती येनाला काचा आणि प्रकाश यांच्यावर डॉक्टरेट करत होती. म्हणजे नेमकं काय करते ते तिने मला एकदा जर्मनमध्ये समजावून सांगितलं होतं आणि मी मराठीत मान डोलावली होती.

आमचं भांडण झालं नव्हतं, हे आधीच सांगते. झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता येतं, मध्ये कुणाला तरी घालता येतं. इथे मिटवायला काही नव्हतंच. पोरगी हळूहळू पाहुणी झाली, एवढंच. आधी महिन्यातून एकदा यायची, मग सणावाराला, मग नुसतं ‘बघते’. फोनवर मी मराठीत विचारायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तिला सगळं कळतं, पण तोंडातून जर्मनच बाहेर पडतं. शेवटी ‘आल्झो, आई, नंतर करते’ म्हणून फोन ठेवायची. आल्झो म्हणजे ‘बरं तर’. मग मी रिसीव्हर हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहायचे आणि हे विचारायचे, काय म्हणाली? काय सांगणार? बरी आहे म्हणाली.

हे टाकीचं घडलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही येनाला गेलो, तर तिने आमची सोय एका पेन्सिऑनमध्ये केली. पेन्सिऑन म्हणजे आपल्याकडचं लॉज, फक्त पडदे स्वच्छ. तिचं घर एका खोलीचं, तिघांना जागा नाही, हे सगळं खरं. मी जमिनीवर सतरंजी टाकून झोपले असते हेही खरं, पण ते तिला सुचलं नाही आणि माझ्या तोंडून निघालं नाही. पोटच्या पोरीच्या गावात आईबापांनी लॉजात राहायचं! सकाळी तिथल्या बाईने आम्हाला अंडी कशी हवीत ते विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे म्हणाले, “उकडलेली.”

 ऑक्टोबरात एक दिवस यांनी दारासमोर एक जुनं वोनमोबील उभं केलं. पुढे टेम्पो आणि मागे घर असतं ना, ते. बाक, टेबल, दोन शेगड्या, सिंक, मागे आमचा बिछाना आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी एक झोपायची जागा.

“तिच्याकडे जागा नाही ना?” हे म्हणाले. “आपण आपली घेऊन जाऊ.”

मी त्याच रात्री पडद्यांचं कापड बेतलं. माळ्यावरच्या गादीला पिवळ्या फुलांची खोळ शिवली. समोरच्या काचेपाशी यांनी बुद्धाची छोटी पितळी मूर्ती चिकटवली. सगळं झालं आणि कीर्तीला फोन केला.

“जानेवारीत?” ती म्हणाली. “हिवाळ्यात त्याचं आबवासर गोठतं. मी इंटरनेटवर वाचलंय.”

आबवासर म्हणजे सांडपाणी. आई भेटायला येते म्हणते आणि मुलीला सांडपाणी आठवतं. आणि त्याच फोनमध्ये, त्याच आवाजात तिने सांगितलं की उन्हाळ्याच्या आत ती कॅनडाला जाणार आहे. तिथे नोकरी मिळाली आहे. किती वर्षांसाठी ते माहीत नाही.

मी फोन यांच्याकडे दिला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. मला फार काही नको होतं. तिने समुद्रापलीकडे जाण्याआधी एक रात्र, एकच, आमच्या छपराखाली झोपावं, एवढंच हवं होतं. सकाळी उठून तिचे विस्कटलेले केस बघायचे होते. पाहुणं म्हणून येतं तेव्हा माणूस केस विंचरूनच येतं.

डोळे पुसून बाहेर आले, तर हे कागदावर टाकीचं चित्र काढत बसले होते.

“अगं, ही तर साधी गोष्ट आहे,” म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. तिने नको म्हणण्यासाठी काहीतरी कारण काढलं आणि या माणसाने ते दुरुस्तीला घेतलं!

पण घेतलं ते घेतलं. रोज जेवताना ताटाशेजारी वाटी उपडी ठेवून मला शिकवायचे. पिण्याच्या पाण्याची टाकी आत असते, बाकाखाली, आपल्याबरोबर उबेत. पण सिंकमधून जाणारं पाणी फरशीखाली लटकवलेल्या दुसऱ्या टाकीत पडतं. ती बिचारी बाहेर, चाकांच्या मध्ये, वाऱ्यावर. पाणी गोठलं की फुगतं. टाकीला तडा जातो, नाहीतर नळीत बर्फाचा बूच बसतो, आणि मग सिंकमध्ये ओतलेलं सगळं पुन्हा वर येतं. म्हणून यांनी त्या टाकीला जाड फोमची दुलई केली, बाळाला गुंडाळतात तशी. खाली तळाला एक तापणारा पॅड चिकटवला. पाण्याला लागून एक थर्मोस्टॅट बसवला. पाणी गोठायच्या जवळ आलं की पॅड आपोआप चालू, जरा कोमट झालं की बंद. आतले दिवे आणि आमचा गॅसचा हीटर अडू नये म्हणून पॅडला वेगळी बॅटरी दिली आणि आत भिंतीवर एक छोटा लाल दिवा लावला. बॅटरी संपत आली की तो पेटणार. पायरीच्या मागे एक खटका होता. तो ओढला की झडप उघडून टाकी रिकामी होते.

“पाणी तापवायचं नाही,” हे समजावत होते. “नुसतं गोठू द्यायचं नाही.”

“इतक्याने भागतं?”

“सांडपाण्याचं भागतं,” हे म्हणाले.

यांनी तिला फोन केला आणि आबवासरचा प्रश्न सुटल्याचं कळवलं.  ती म्हणाली, “गेनाऊ. मग या.” गेनाऊ म्हणजे ‘अगदी बरोबर’.

दोन हजार नऊचा तो जानेवारी. ज्यांनी तो जर्मनीत काढला त्यांना सांगायला नको. रात्री उणे अठरापर्यंत पारा उतरत होता. येनाला पोहोचलो तेव्हा झाडं पांढरी झाली होती. कीर्ती राहत होती ती जुनी इमारत, मागे अंगण. तिथे गाडी उभी करायला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारत सांभाळणारे, हेर त्सीग्लर यांची परवानगी तिने आधीच काढून ठेवली होती. परवानगी तिने मागितली, हे मी मनात जपून ठेवलं. उपाशी माणूस खरकटंही उचलतो.

संध्याकाळी ती आली. दारातून आत शिरताना वाकली. इतकी उंच माझी मुलगी कधी झाली कोण जाणे. मी ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, वांग्याचं भरीत, ठेचा. बाकाच्या कडेला अंगात कोट तसाच ठेवून बसली.

“कोट तरी काढ,” मी म्हणाले.

“हो, हो. पण मला निघायचंय. सकाळी लवकर मेसुंग आहे.”

मेसुंग म्हणजे मोजमाप. प्रयोगशाळेत काहीतरी मोजायचं असतं. तिचे बाबा तिला टाकी समजावून सांगायला लागले, तेव्हा मात्र तिने दोनतीन प्रश्न विचारले, आणि हे खुलले. भाकरी तिने सगळी खाल्ली. माळ्यावरच्या पिवळ्या फुलांच्या गादीकडे एकदा बघितलं. मग आमचे दोघांचे गाल हुंगल्यासारखं करून गेली. वर पहिल्या मजल्यावर तिच्या खिडकीत दिवा लागला. माझ्यापासून दहा पावलांवर असेल, आणि मी खालून बघत होते.

रागाच्या भरात मी भांडी घासायला घेतली. इथे जर्मन बायका काय करतात, बेसिनभर फेस करतात, सगळी भांडी त्यातच बुडवतात आणि फेसासकट पुसून कपाटात ठेवतात. मला ते इतक्या वर्षांत जमलं नाही. भांडं वाहत्या पाण्याखालून निघालं नाही तर ते धुतलं गेलं असं माझा हात मानतच नाही. मी नळ सोडला आणि ताट घासलं, तवा घासला, परात घासली.

“अगं, टाकी!” हे ओरडले. “ती जर्मन बायकांच्या हिशेबाने बनवलेली आहे.”

“मग जर्मन बायकोच करायची होती,” मी म्हणाले आणि कुकरही घासला.

सकाळी उठलो तर लाल दिवा पेटलेला. अर्धी भरलेली टाकी आणि बाहेर उणे अठरा. पॅड रात्रभर बंद झालाच नव्हता आणि त्याची बॅटरी संपत आली होती. यांनी ब्राउनश्वाइगला सगळी चाचणी घेतली होती, पण ती घराच्या सॉकेटला वायर लावून. सारं आयुष्य हीटरमध्ये घालवलेला माणूस, आणि बॅटरीवर एकदा चालवून बघायचं विसरला! मी जे बोलायचं ते बोलले. हे ऐकून घेत होते.

“आता?” मी विचारलं.

“बाहेरून वीज मिळाली तर राहू. नाहीतर परत.”

हे हेर त्सीग्लरांकडे गेले. अंगणातलं सॉकेट हिवाळ्यात बंद असतं. तळघरातली वीज सगळ्या भाडेकरूंची मिळून, आणि मागे कुणीतरी तिथे स्वतःचा फ्रीझर लावला होता त्यावरून इमारतीत वर्षभर माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. हेर त्सीग्लर चांगला माणूस, पण नियमापुढे त्याचंही काही चालेना.

संध्याकाळपर्यंत मी डबे भरून ठेवले. भरताना सारखं वाटत होतं, बरोबर आहे, आपल्याला हेच मिळायचं. तीन तासांची भेट आणि एक जेवण. कीर्ती कामावरून परत आली तशी यांनी तिला लाल दिवा दाखवला आणि म्हणाले, “आम्ही निघतो, बाळा. टाकी फुटेल.”

कीर्तीने दिव्याकडे बघितलं. बाहेर जाऊन वाकून गाडीच्या खाली बघितलं. पायरीमागचा खटकाही बघितला असेल, माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मग सरळ इमारतीत गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

“निरोपही नाही,” मी म्हणाले. हे उत्तर द्यायच्या आत वरची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं अंगणात आलो. कीर्ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती आणि एक नारिंगी वायर हळूहळू खाली सोडत होती. हेर त्सीग्लरांकडून मागून आणलेलं वायरीचं मोठं रीळ होतं. वायर भिंतीला घासत, हेलकावे खात खाली येत होती. हे दोन्ही हात वर करून उभे होते.

“बाबा, हाल्ट!” ती वरून म्हणाली. थांबा. मग आणखी थोडी सोडली.

यांच्या हातात टोक आलं. यांनी ते गाडीला लावलं, आत येऊन बघितलं, लाल दिवा गेला होता. मी यांना म्हणाले, “झालं, टाकीची सोय झाली. आता ती निवांत वर झोपेल.” माझ्या बोलण्यात विष होतं, ते मलाही कळलं. पण काय करू? टाकीला ऊब मिळाली, मला नाही.

आम्ही जेवायला बसणार एवढ्यात दार वाजलं. कीर्ती उभी होती. एका काखेत उशी, दुसऱ्या काखेत रजई.

तिची खिडकी जुन्या पद्धतीची, दुहेरी लाकडी. वायर मधून गेली की मिटत नाही. तिने फटीत स्कार्फ कोंबला, टॉवेल कोंबला, पण वारा येतच होता. खोली बर्फ झाली होती.

“वर फार थंडी आहे,” ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि या वेळी कोट काढून खुंटीला अडकवला.

 “पिठलं टाकू?” मी विचारलं.

ती बाकावर पाय वर घेऊन बसली. आमच्या तिघांचे गुडघे टेबलाखाली एकमेकांना लागत होते. पिठलं खाताना तिने मध्येच विचारलं, “ब्राउनश्वाइगच्या पहिल्या घरात आपण सगळे एका खोलीत झोपायचो, ना?”

“हो,” मी म्हणाले. “त्या हिवाळ्यात तुझ्या खोलीतला हीटर बंद पडला होता.”

“मग बाबांनी दुरुस्त केला.”

“केला की!” हे म्हणाले. “घरमालक लक्ष देईना. मीच उघडला आणि दोन तासांत नीट केला.”

कीर्ती ताटातला घास फिरवत राहिली. “मला तेव्हा बाबांचा खूप राग आला होता,” ती म्हणाली. “त्या रात्रीपासून मला एकटीला झोपावं लागलं.”

यांचा घास हातातच राहिला. हे सांगायला पोरीने इतकी वर्षं घेतली, आणि तेही पिठल्यावर. मी उठून तिच्या ताटात आणखी वाढलं, कारण दुसरं काही करायला गेले असते तर रडू फुटलं असतं.

ती पिवळ्या फुलांच्या गादीवर झोपली. मी मागे पडून तिचा श्वास ऐकत होते. लहानपणी सर्दी झाली की वाजायचं तसं तिचं नाक अजून वाजतं. सकाळी माळ्यावरून खाली उतरली तेव्हा केस एका बाजूला चपटे आणि एका बाजूला उभे होते. मी बघून घेतलं. मग ती दात घासून, केस विंचरून मेसुंगला गेली.

ती गेल्यावर हेर त्सीग्लर बर्फाचं फावडं घेऊन अंगणात आले. वायर बघितली, वर खिडकी बघितली, आणि मान हलवत दार ठोठावलं. हे चहा करत होते, म्हणून मीच दारात गेले. त्यांनी सांगितलं की तरुणपणापासून ते कॅम्पिंग करत आले आहेत, हिवाळ्यातसुद्धा. आणि या सगळ्याची, फ्राऊ द्रौपदी, काही गरज नाही. टाकीची झडप उघडी ठेवायची, खाली एक बादली लावायची. पाणी आलं की बादलीत. बादली गोठली तर आपटून बर्फ फेकून द्यायचा. रिकाम्या टाकीत गोठणार काय? वीज नको, वायर नको, आणि बिचाऱ्या मुलीची खिडकीही बंद होईल.

मी हसून आभार मानले आणि दार लावलं. वळले तर हे गाळणीतून चहा गाळत होते.

“ऐकलंत?”

“ऐकलं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, हिवाळ्यात सगळे तेच करतात.”

“मग काल बोलला का नाहीत? डबे भरून बसले होते मी!”

“आधी खरंच सुचलं नाही. टाकी तापवायची, हेच डोक्यात होतं. मग वायर खाली यायला लागली तेव्हा सुचलं.” यांनी कप माझ्या हातात दिला. “तेव्हा कसं बोलू?”

मी चहाचा घोट घेतला. या माणसाशी संसार करून माझं अर्धं आयुष्य गेलं आणि मी त्याला बावळट समजत होते.

“आणि तिला?” मी विचारलं. “तिला नसेल का ठाऊक?”

“आबवासर गोठतं हे तिनेच वाचलं होतं. जिथे ते लिहिलं असेल, तिथेच खाली बादलीचंही लिहिलेलं असणार.”

मी खिडकीतून वायरीकडे बघितलं. खात्री कशी करायची? पोरीला विचारलं असतं तर ती ‘आल्झो’ म्हणाली असती आणि उशी घेऊन वर गेली असती.

दुपारी आम्ही दोघं जरा पाय मोकळे करायला गावात गेलो. ब्रेड घेतला, नदीवर बर्फ बघितला. परत आलो तर अंगणात गाडीखाली बादली. निळी, नवीकोरी. खटका ओढलेला, झडप उघडी, टाकीत असलेलं सगळं पाणी हेर त्सीग्लरांनी बादली बादलीने काढून तळघरातल्या मोरीत ओतलं होतं. तळघराच्या दारातून ते हात हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद की मला त्यांना धन्यवादच म्हणावे लागले.

“परोपकारी मेला,” मी दात आवळून मराठीत म्हणाले. “अहो, बंद करा ती झडप. बादली देऊन या त्यांची. ती यायच्या आत.”

हे जागचे हलले नाहीत.

“नको,” म्हणाले.

“नको म्हणजे?”

“एकदा दुरुस्त करून बसलोय मी. तेव्हा न विचारता केलं. आता मी दुरुस्तही करणार नाही आणि बिघडवणारही नाही. तिला दिसू दे. तिचं तिला ठरवू दे.”

“आणि वर गेली तर?”

“तर गेली.”

मला यांचा इतका राग आला की मी आत जाऊन पडदे ओढले. हातात होतं ते असं सोडून द्यायचं? दोन मिनिटांचं काम, खटका ढकलायचा. मी दोनदा उठले, दोनदा बसले. हे बाकावर पेपर घेऊन बसले होते आणि पान उलटत नव्हते. मनात आणलं असतं तर मीच जाऊन खटका ढकलला असता, यांनी अडवलं नसतं. पण मग ती आली असती ते खटक्यामुळे, की आईमुळे, हे मला जन्मात कळलं नसतं. म्हणून मी बसून राहिले. आयुष्यात इतकं अवघड बसणं मी कधी बसले नाही.

अंधार पडला. फाटक वाजलं. मी पडद्याच्या कडेला डोळा लावला, स्वतः शिवलेल्या पडद्याच्या.

कीर्ती अंगणात आली आणि थांबली. तिला बादली दिसली. अंगणातल्या दिव्यात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, तोंडातून निघणारी वाफ दिसत होती. तिने वर खिडकीकडे बघितलं, तिथून लोंबणाऱ्या वायरीकडे बघितलं. मग आमच्या गाडीकडे बघितलं.

ती वाकली. पायरीमागे हात घालून तिने खटका आत ढकलला. आवाज मला पायाखाली ऐकू आला. मग बादली उचलली, आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरली, आणि तळघराच्या दारापाशी नेऊन हळूच ठेवून आली. हातमोजे झटकले. मग येऊन आमचं दार वाजवलं.

हे पेपरच्या मागे होते. 

मी दार उघडलं.

“वर फार थंडी आहे,” कीर्ती म्हणाली. मराठीत म्हणाली, थोडं अडखळत. थंडीतला ‘ड’ तिला नीट येत नाही.

“मग वर कशाला जायचं?” मी म्हणाले. “ये आत. कोट काढ.”

ती आत आली आणि कोट खुंटीला अडकवून आपल्या बाबांच्या शेजारी बसली. मी सिंककडे वळले, कारण मला कुणालाच तोंड दाखवायचं नव्हतं. कपाटात दुपारची भांडी घासून पुसून ठेवलेली होती. मी ती सगळी बाहेर काढली, ताटं, परात, तवा, कुकरसुद्धा, आणि नळ पूर्ण सोडला.

“अगं, धुतलेलीच आहेत ती,” हे म्हणाले. “टाकी भरेल.”

“भरू दे,” मी म्हणाले.